दुसरं बारसं

माजा भाऊ उत्तम तसा गरीब गाय, पन एकदा गप्प बसला की त्याच्या तोंडातनं शब्द काढायला पहार लागती. आन मी लंका, त्याची थोरली बहीन, मला गप्प बसवायला पहार लागती. आई म्हनायची, ह्या दोघांना घुसळून निम्मं निम्मं केलं असतं तर दोन बरी मानसं झाली असती.

नवरा वारल्यावर मी माघारी आले. श्रीगोंद्यापासनं जवळ, कारखान्याच्या वाटंवर आमचं गाव. उत्तम कारखान्यात कायम कामगार. त्यानं काय बी न विचारता शेजारची खोली रिकामी करून दिली आन मी तिथं शिलाई मशीन मांडली. गावच्या हायस्कूलचे ड्रेस मीच शिवायची. हेडमास्तर आप्पासाहेब सर पोरांना सांगायचे, "लंकाबाईंकडं जा. शिव्या देतात, पण शिवतात पक्कं." खोटं न्हाई.

उत्तमला आन त्याच्या बायकोला, बनाला, लई वर्सांनी एकच लेकरू झालं. पोरगी. आमच्यात बारसं म्हनलं की बुद्धवंदना हुती, मेनबत्ती लागती, आन मग पाळन्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगती ती आत्या. तो मान दुसऱ्या कुनाचा न्हाई. मी नाव सांगितलं, प्रज्ञा. शिकावी, मोठी व्हावी, माज्यासारखं दुसऱ्याच्या पोरांच्या चड्ड्या शिवत बसू न्हाई, एवढंच मनात हुतं.

पोर चालाया लागलं तसं फ्रॉक काढून टाकायचं. परत घातला, परत काढला. शेवटी बना कावली आन तिनं उत्तमच्या जुन्या शर्टाचा बारका शर्ट माज्याकडनं शिवून घेतला. त्या दिवसापासनं शर्ट आन चड्डी. केस उत्तमबरोबर न्हाव्याकडं. बोलनं बी पोरांसारखंच, मी येतो, मी जातो. प्राथमिक शाळंत कुनी काय म्हनलं न्हाई. लोक म्हनायचे, उत्तमला पोरगा न्हाई ना, हौस भागवतोय. उत्तम बी हसायचा. हौस म्हनलं की आपल्याकडं सगळं खपतं.

मग ते आठवीला हायस्कूलात गेलं, आन त्याच वर्सी शाळंनं नवा नियम काढला. सत्त्यान्नवची गोष्ट. आठवीपासनं पुढच्या पोरींना स्कर्ट बंद, पंजाबी ड्रेस चालू. निळा कमीज, पांढरी सलवार, पांढरी ओढनी, दोन वेन्या, लाल रिबिनी. पोरींच्या आया खूश झाल्या, मी बी खूश झाले, सीझन हुता माजा. घरातल्या लेकराचा ड्रेस पहिला शिवायचा म्हनून मी त्याला माप घ्यायला उभं केलं.

खांदा घेतला, हात घेतला. टेप छातीवर आनला तसं ते पोर थरथराया लागलं. मी म्हनलं, "हल नगं, चावत न्हाई मी." वर बघितलं तर डोळ्यातनं नुसत्या धारा.

"अगं, काय झालं?"

"आत्या, मला हे न्हाई घालायचं."

"मग काय घालनार? शाळंत काय टॉवेल गुंडाळून जातीस?"

"पॅन्ट शिव. पोरांना शिवतीस तसली."

मी कावले. माजा स्वभाव तुमाला सांगितलाच हाय. मी म्हनलं, "लई लाड झाले तुजे. लहानपनी केलं ते हौस म्हनून केलं. आता मोठी झालीस. आता काय हौस?"

ते पोर म्हनलं, "आत्या, हौस तुमची हुती. माजी न्हवती. मी असाच हाय."

आन मग जे बोललं त्यानं मी गारच पडले. "नाव तूच ठिवलंस ना? मग बदलायचं बी तुलाच. दुसऱ्या कुनाला येत न्हाई. मला दुसरं नाव दे, पोराचं. त्या नावानं मी शाळंत जातो. न्हाईतर न्हाई जात, ऊस तोडाया जातो."

"नाव म्हंजी काय झबलं हाय व्हय गं?" मी वराडले. "आखूड झालं की दुसरं शिवायला? चल नीघ हितनं!"

ते गेलं. आन खरंच शाळंत जायाचं बंद झालं. उत्तमनं समजावलं, बनानं हातापाया पडून बघितलं. ते आपलं खाली मान घालून शेळीमागं जायाचं, दुपारी यायचं, कोपऱ्यात बसून नव्या पुस्तकांना कव्हर घालायचं. कव्हर घातलेलं काढायचं आन परत घालायचं. एवढं हुशार लेकरू, गनितात पैकीच्या पैकी घेनारं, आन ते शेळीमागं. शाळंतनं निरोप आला, आनखी असंच चाललं तर नाव कमी करू.

मी मशीनवर बसायची, दुसऱ्यांच्या पोरींच्या ओढन्यांच्या काठांना बीडिंग मारायची, आन मला तेच दिसायचं. टेप लावल्यावर ते पोर कसं थरथरलं हुतं. ढोंगात मानूस तसा थरथरत न्हाई. एक दिवस मी पॅन्टचं कापड कापलं. माप घ्यायची गरज न्हवती, माज्या हातात हुतं. शिवून झाल्यावर मी हाक मारली, "ये हिकडं, घालून बघ."

घालून आलं. मशीनसमोर उभं राह्यलं. असं सरळ उभं राह्यलेलं ते पोर मी आजवर बघितलंच न्हवतं बगा. आरशात न बघता नुसतं खिशात हात घालून उभं. मला रडू फुटलं. मी म्हनलं, "बस खाली. कान आन हिकडं."

"थांबा," दारातनं बना म्हनली. ती कवापासनं उभी हुती काय ठावं. मला वाटलं आता ही कालवा करनार. ती आत आली, भिंतीला टेकून खाली बसली आन म्हनली, "असं उभ्याउभ्या बारसं करत्यात का? काय तरी रीत असती का न्हाई?" तिनं मेनबत्ती लावली, हात जोडले. मग पोराला म्हनली, "पाळन्यात आता तू मावनार न्हाई बाबा. हितं ये." आन त्याचं डोस्कं आपल्या मांडीवर घेतलं. लांबच लांब पाय पार मशीनच्या पायट्यापर्यंत गेले. मी वाकले, कुर्र केलं आन कानात सांगितलं, सम्राट.

"सम्राट?" बना हसाया लागली. "हाडं मोजून घ्यावीत असलं पोर, आन सम्राट?"

"मोठ्ठं ठिवलंय," मी म्हनलं. "पुढं आखूड व्हायला नगं."

तिघंबी हसलो. लई दिवसांनी हसलो. आमचं ठरलं की उत्तमला सवडीनं सांगायचं. मी त्याला बरं बघून, पोटभर जेवला की सांगनार हुते.

पन बना! त्या बाईचं काय सांगू. रीत म्हंजी रीत. दुसऱ्या दिवशी तिनं घुगऱ्या शिजवल्या, बारशाला शिजवत्यात तशा, गव्हाच्या आन हरभऱ्याच्या, आन वस्तीतल्या घरोघर वाट्या दिऊन आली. बाया विचारनारच की, घुगऱ्या कशाच्या, बारसं कुनाचं? आन बनाला जन्मात खोटं बोलता आलेलं न्हाई. तिनं सांगून टाकलं. दुपारपर्यंत वस्ती, संध्याकाळपर्यंत गाव, आन दुसऱ्या पाळीपर्यंत कारखाना.

"अगं येडे!" मी तिला म्हनलं. "घुगऱ्या कशाला वाटल्यास?"

"मग लेकराचं बारसं बिनघुगऱ्याचं करायचं?" ती म्हनली, आन पदर डोळ्याला लावला.

उत्तम कामावरनं आला आन पायरीवर बसला. ताट दिलं तर तोंड रस्त्याकडं करून जेवला. माज्याशी बोलनं बंद, बनाशी बंद, आन लेकराकडं तर बघनं बी बंद.

सम्राट मात्र पॅन्ट शर्ट घालून, पुस्तकं घिऊन शाळंत गेला. हजेरीला वर्गाच्या सरांनी प्रज्ञा म्हनलं, हा उठलाच न्हाई. मग कुनी तरी हसलं, मग सगळा वर्ग. आप्पासाहेब सरांनी त्याला हापिसात बोलावलं. मारलं न्हाई, रागावले बी न्हाईत. पानी दिलं आन घरी लावून दिलं. संध्याकाळी सर सोता माज्या खोलीवर आले.

"लंकाबाई, मला कोड्यात टाकलंत," सर म्हनले. "शाळा समितीतले कारभारीदादा चिडलेत. पालकांची सभा बोलवा म्हणतात. मी बोलावलीय, शनिवारी. माझं इतकंच म्हणणं आहे. बापानं चार लोकांत उभं राहून सांगावं, हे माझं लेकरू आणि हे असंच शाळेत येईल. मग मी बसवतो त्याला, मी बघतो कोण काय म्हणतं ते. पण बापच सभेला आला नाही तर मी कुणाच्या जोरावर भांडू? मला नाव कमी करावं लागेल."

सर गेले तशी मी उत्तमच्या पायरीवर जाऊन बसले.

"ऐकलंस सर काय म्हनले?"

तो ताटातली भाकर मोडत बसला.

"अरे, मुका झालास का? लेकराची शाळा हातातनं चाललीय!"

तवा कुठं तो बोलला, रस्त्याकडंच बघत. "आक्का, मला कारखान्यात कळालं. कँटीनमधी. आमच्या पाळीतला श्रीमंत म्हनला, काय उत्तम, एवढं मोठं पोरगं झालं आन पेढं न्हाईत? सगळे हसले. मला कायच ठावं न्हवतं. माज्याच लेकराचं, आन मलाच ठावं न्हाई."

माजी मान खाली गेली.

"आन दुसरं," तो म्हनला. "आपल्याकडं बोट दाखवाया लोकांना आधीच कारनं कमी हायत का? आपल्या आईला पानी वरनं वाढत हुते. मी म्हनलं, माजं लेकरू शाळंत सगळ्यांसारखं बसंल. नुसतं सगळ्यांसारखं, कुनी वळून बघू न्हाई असं. जास्तीचं काय मागितलं मी?"

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. ल्हानपनी वस्तीतली पोरं त्याला मारायची आन तो माज्या पाठीमागं लपायचा, तसंच तोंड झालं हुतं त्याचं. मी म्हनलं, "उत्तम, सगळ्यांसारखं बसायला आधी शाळंत बसावं तर लागंल का न्हाई? ते ड्रेस घालून जानार न्हाई. तू मार, मी मारते, ते न्हाई जानार. एक तर पॅन्ट घालून शाळंत, न्हाईतर शेळीमागं. तिसरं काय न्हाई बाबा."

तो उठला आन हात धुवायला गेला.

शनिवारी दुपारी शाळंच्या हॉलमधी सभा. उत्तम सकाळीच सायकल घिऊन कामावर गेला. बना, मी आन सम्राट पाठीमागं बसलो. मी सम्राटचा हात माज्या हातात धरून बसले हुते.

कारभारीदादा पहिल्यांदा उठले. टोपी सारखी केली आन म्हनले, "आमचं कुनाशी वैर न्हाई. पन शाळा म्हनली की शिस्त. आज ही पॅन्ट घालून आली, उद्या सगळ्या पोरी म्हनतील आमाला बी पॅन्ट पायजे. मग?"

"मग घालू द्या की!" बायडाबाई बसल्या जाग्यावरनं वराडली. म्हातारी नातीसाठी आलती. "सायकलच्या चेनीत सलवार अडकून पोरी पडत्यात, ते बरं का?"

हॉल हसला. कारभारी लाल झाले. "म्हातारे, पॅन्टीचा सवाल न्हाई. पोरीनं पॅन्ट घातली तर मी डोळे झाकीन एक वेळ. पन ही म्हनती मी पोरगाच हाय, मला सम्राट म्हना. हे कुठलं? बसनार कुठं, पोरांत का पोरींत? लघवीला कुठं जानार? बोला."

हे मात्र सगळ्यांच्या मनातलं हुतं. कुजबूज सुरू झाली. एक बाई म्हनली, माजी पोरगी शेजारी बसनार न्हाई. एक बाप म्हनला, माजा पोरगा त्याच्याच शेजारी बसून गनितं उतरवतो, त्याला उठवू नका. एकजन म्हनला, डॉक्टरला दाखवा. गुरुजी लोक म्हनले, असं काय वरनं पत्रक आलेलं न्हाई, आमाला कुनी शिकवलेलं न्हाई. आप्पासाहेब सर म्हनले, "शिक्षकांच्या खोलीमागं एक संडास आहे, त्याची किल्ली मी देईन. पहिल्या बाकावर बसेल. हे प्रश्न सुटतात हो. पण बापाचा शब्द हवा मला. उत्तमराव कुठं आहेत?"

उत्तम न्हवता.

"बघा," कारभारी म्हनले. "बापालाच पटलेलं न्हाई. बापाला लाज वाटती म्हनून तोंड लपवलंय त्यानं."

झालं, माजी तार सटकली. मी उभी राह्यले. "माज्या भावाचं नाव काढायचं काम न्हाई, कारभारीदादा! तुमच्या घरातल्या समद्या पोरांची उसवलेली ढुंगनं मी शिवलीत, मी कधी हॉलमधी उभं राहून सांगितलं का कुनाची कुठं फाटली ते? शिकाया मागतंय एक लेकरू. चोरी मागत न्हाई, मारामारी मागत न्हाई, बाकडं मागतंय. आन तुमी त्याची लघवी काढून बसलात!"

निम्मे लोक हसले, निम्मे भडकले. नुसता गलका. "खाली बसा लंकाबाई!" सर टेबल वाजवत हुते. बना माजा पदर ओढत हुती. सम्राटनं माज्या हातातनं हात काढून घेतला आन हळूच म्हनला, "आत्या, चल घरी. ऱ्हाऊ दे." तेवढं ऐकलं आन माजा सगळा राग पान्यासारखा झाला. हारलो आमी. माज्याच तोंडानं घालवलं, असं वाटलं.

सर उभे राह्यले, चष्मा काढून पुसला. "मग नाइलाज आहे," ते म्हनले.

तेवढ्यात दारात उत्तम.

कामाच्या कपड्यावरच. हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे, धापा टाकत. एका हातात पिशवी. ग्रीस लागू न्हाई म्हनून दोन बोटांत लांब धरलेली. सगळे वळून बघाया लागले. कुनी बघितलं की अंग चोरनारा मानूस, पन त्या दिवशी तो मधल्या वाटंनं पार पुढपर्यंत आला. कारभारीकडं बघितलं न्हाई, सरांकडं बघितलं न्हाई. माज्यापाशी आला.

"आक्का, उशीर झाला," तो म्हनला. "सुट्टी मिळंना. आन दुकानात मला काय कळतंय? हिरवं घेतलंय."

पिशवीत लुगडं हुतं. काठापदराचं, चांगलं नऊवार.

मला कायच सुधरंना. "हे काय रं?"

"तू नाव ठिवलंस ना. तुजा मान ऱ्हायलाय."

हॉलमधल्या बाया एकमेकींकडं बघाया लागल्या. कुनाला काय सांगायची गरजच न्हवती. बारशाला आत्या नाव ठेवती आन भाऊ तिला लुगडं घेतो, हे कुनाच्या घरात न्हाई? घेतलं म्हंजी नाव मान्य. न्हाई घेतलं म्हंजी आत्या रुसली आन नाव अधांतरी. कारभारीदादांनी वैशाखात नातवाच्या बारशाला लेकीला लुगडं दिलं हुतं, तिचं ब्लाऊज मीच शिवलं हुतं. ते खाली बसले आन टोपी सारखी कराया लागले.

बायडाबाईनं मात्र बारशात विचारत्यात तसं, सवयीनंच विचारलं, "मग काय ठिवलं म्हनं नाव?"

उत्तम वळला. "सम्राट," तो म्हनला. पन इतकं बारीक, की पुढच्या दोन रांगांना बी ऐकू गेलं नसंल.

"उत्तमराव," आप्पासाहेब सर म्हनले, लई मऊ आवाजात. "मागं ऐकू गेलं नाही."

उत्तमनं पाठीमागं बघितलं. तिथं बना हुती, पदर तोंडात धरून. तिच्याजवळ सम्राट, पुढं जाऊ का नगं, अशा मनात उभा. कितीतरी दिवसांनी बाप लेकराकडं बघत हुता.

"सम्राट उत्तम भिंगारदिवे," तो म्हनला, आन ह्या खेपेला असा म्हनला की बाहेरच्या मैदानातली पोरं थांबली. "माजं लेकरू हाय. शाळंत येईल. कुनाला हसायचं आसंल तर मला हसा, मी कारखान्यात दिवसभर असतो."

तो तिथंच पुढच्या बाकड्यावर बसला, काळ्या हातांनी डोळे पुसले आन सगळं तोंड काळं करून घेतलं. सम्राट पळत आला. बापानं तसल्याच हातांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. मी तेवढी उभी हुते, भरल्या सभेत, नवं लुगडं छातीशी धरून, हमसाहमशी रडत. आन तोंडानं म्हनत हुते, "मेल्या, पोराला आन शर्टाला ग्रीस लावलंस. आता धुनार कोन?"